सावली नसलेला थोरला

प्रिंटरच्या शाईचा वास आला की मला इस्लामपूरचा माझा फोटो स्टुडिओ आठवतो, आणि पाठोपाठ त्या माणसाच्या शिव्या. नव्वदीची अखेर होती. फोटोत माणूस घालणारा कॉम्प्युटर आसपास फक्त माझ्याकडे, त्यामुळे मी टेचात असायचो. पलूसचा एकजण बहिणीच्या लग्नाचा फोटो घेऊन आला. भांडणामुळे त्याचा थोरला भाऊ लग्नाला आलाच नव्हता. "त्याला मधी उभा करा. आंथरुणावरच्या आईला बरं वाटंल," तो म्हणाला. दुसऱ्या फोटोतला थोरला कापून मी भर उन्हातल्या वऱ्हाडात बसवला. चेहऱ्यावरचा उजेड कसाबसा जुळवला, पण पायाशी सावली काढायचा कंटाळा केला. सावली कोण बघतंय, म्हटलं. म्हातारीनं बघितली. सगळ्यांच्या सावल्या मांडवाबाहेरच्या मातीवर पडलेल्या, थोरल्याची नाही. भुताला सावली नसते हे तिला पक्कं ठाऊक. पोरगा मेलाय आणि घरचे लपवतायत, असं समजून तिनं अन्न सोडलं. मग थोरलाच स्टुडिओत आला. कॉलर धरून त्यानं मला रस्त्यावर उन्हात ओढलं. "भाड्या, जित्या माणसाचं भूत केलंस व्हय रं? ही बघ माझी सावली. हाय का न्हाई?" "आहे," मी म्हणालो. "मग चल, आन् ह्येच म्हातारीला सांग. मी दारात दिसलो की पदरात तोंड घालून वरडती." गिऱ्हाईक बसलंय असं सांगून मी कॉलर सोडवून घेतली. तो माझ्या पायाशी थुंकला आणि एकटाच एसटी स्टँडकडे गेला. पुढे म्हातारी गेल्याचं कानावर आलं. मरण्याआधी तिनं थोरल्याला ओळखलं का, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.