घरमालकांच्या पापणीची घडी

ब्रह्मदेवाच्या हातून निसटून, काम पुरं व्हायच्या आतच पळालेला माणूस ज्याला पाहायचा असेल, त्याने आमचे वाशीचे घरमालक पाहायला हवे होते. नव्वदनंतर आम्ही त्यांच्याच बिल्डिंगमध्ये, त्यांच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू म्हणून आलो. मूळचे उरणजवळच्या जासईचे हे गृहस्थ एका जागी बसलेले मी कधी पाहिले नाहीत. आमच्याकडे चहाला आले तरी कप हातात घेऊन नळाचा वायसर तपासत, खिडकीची कडी हलवून बघत, आणि आमच्या हॉलमध्ये सुरू केलेलं वाक्य जिन्यात संपवत. शेवट ऐकायला मला मागोमाग जावं लागे.

पन्नाशीनंतर त्यांच्या वरच्या पापण्या उतरल्या. कातडं इतकं ओघळलं की समोरचं दिसायला हनुवटी वर करावी लागे, आणि अनोळखी लोक त्यांना गर्विष्ठ समजत. एपीएमसी मार्केटात ते एका हाताने पापणी उचलून धरत आणि दुसऱ्याने कांदा. अखेर स्कूटर रिक्षाला घासली, तेव्हा बायकोने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टर म्हणाले, जादा कातडं काढून टाकू, टाके पापणीच्या घडीत लपतील. फक्त ती घडी वर ठेवायची की खाली, हे ठरवायला तरुणपणचा एखादा फोटो आणा.

झालं. त्यांच्या एकाही फोटोत डोळे उघडे नव्हते. लग्नात त्यांनी डोळे मिटून हार घातला होता आणि डोळे मिटूनच नवरीला घास भरवला होता. मतदानाच्या ओळखपत्रावरही तेच. मतदान आपण असंच तर करतो, असं मी म्हणालो, पण ते हसले नाहीत. घडी किती वर शोभेल हे पाहायला त्यांनी एकदा पापण्यांना चिकटपट्टी लावली आणि तसेच सोसायटीच्या मीटिंगला गेले. चेहऱ्यावर असं काही आश्चर्य पसरलं होतं, की पाण्याच्या टाकीच्या सफाईचा अहवाल वाचणारे सेक्रेटरी मधेच अडखळले आणि टाकी धुतलीच नाही म्हणून कबूल करून बसले. बायकोला विचारावं तर ती म्हणाली, "मी मान खाली घालून उबी होती. मना काय म्हाईत तुमचे डोले कसे होते?"

रोज सकाळ-संध्याकाळ घडीचाच विषय. शेवटी मी वैतागून म्हणालो की कुठेही ठेवा, दिसलं म्हणजे झालं. ते जिन्यात थांबले, चक्क थांबले.

"चाकूचं भेव नाय हो. पन आपरेशनची पट्टी काडल्यावर आरशान दुसराच मानूस दिसला तर? उरलेला जलम त्याच्याबरोबर काडायचा?"

मला एकदम वाईट वाटलं. त्याच रविवारी त्यांना स्कूटरवर मागे बसवून मी जासईला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे नेलं. ती ओटीवर सुकट निवडत होती. सगळी हकिगत ऐकून तिने मानही वर केली नाही. "येडाच हायस. तुजे पोरीचे डोले बग ना. तेच तुजे."

पोरगी म्हणजे त्यांची एकुलती एक मनीषा. नुकतंच लग्न ठरलेली. शाळेत सगळे तिला झोपाळू म्हणत, त्यामुळे आपल्या डोळ्यांवर तिचा जुना राग. ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी तिला बापासमोर स्टुलावर बसवलं आणि तिच्या पापण्या बघून बघून बापाच्या पापण्यांवर पेनाने खुणा केल्या. त्या रात्री पोरगी पहिल्यांदाच आरशासमोरून हलेना, असं तिची आई सांगत होती. बाप मात्र पडून राहायला सांगितलेलं असूनही दुसऱ्याच दिवशी गच्चीवर टाकी बघायला हजर.

घडी उत्तम बसली. हनुवटी खाली आली, माणूस तोच राहिला. पुढच्याच महिन्यात मनीषा लग्न होऊन मस्कतला गेली.

त्यानंतर एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले, चहाचा कप घेतला आणि खुर्चीत बसले.

"घरान बसवत नाय," म्हणाले. "आमच्या लगनान मान वर केली नाय बायकोनं. आता जेवताना घास हातान धरून माज्या डोल्यांकडं बगत बसते." मग कपात बघत म्हणाले, "म्हंजे, माज्याकडं कुठं बगते म्हना."

त्या दिवशी त्यांचं वाक्य आमच्या हॉलमध्येच संपलं. चहा निवला तरी ते जागचे हलले नाहीत. त्यांनी उठून निदान खिडकीची कडी तरी तपासावी, असं मला फार वाटत होतं.