औदुंबराभोवतीच्या फरश्या

मी जन्मापासून आंधळा. लहानपणी अंधशाळेतल्या सरांनी सांगितलं होतं की जपानात रस्त्यावर उठावाच्या फरश्या बसवतात. त्यांवरच्या पट्ट्या पायाला लागल्या की आंधळा माणूस कुणाचा हात न धरता हवं तिथं जातो. तिथून ती सोय देशोदेशी गेली. आमच्या आळंद तालुक्यात पोचेपर्यंत माझी नोकरी संपली.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या बसस्टँडवर त्या फरश्या बसल्याचं कळलं. बायकोला सोबत येऊ दिलं नाही, बस धरायला काठी घेऊन एकटाच गेलो. पायाखाली पट्ट्या लागल्या, काठी एका कट्ट्याला लागली. चालत राहिलो. वळण आलं, पुन्हा वळण आलं, आणि काठी पुन्हा त्याच कट्ट्याला लागली. चहावाल्यानं सांगितलं, गवंड्यानं फरश्या औदुंबराच्या कट्ट्याभोवती गोल बसवल्यात. गाणगापूरला जाणारी माणसं इथं बस बदलतात, त्यांना प्रदक्षिणेला बऱ्या. तेवढ्यात माझी बस निघून गेली.

बसस्टँडच्या साहेबांकडं तक्रार केली. ते म्हणाले, आंधळ्यांच्या फरश्या मंजूर होत्या, त्या बसल्या. आणखी काय पाहिजे?

परवा त्याच कट्ट्यावर बसची वाट बघत बसलो होतो. मागून एका पोरीचा रडका आवाज आला.

"आई, कामून फिरवायलीस? पाय दुखायलेत."

"चाल गं," आई म्हणाली. "आंधळ्यांसाठीच बसवल्यात म्हणं ह्या. दिसायला लागेल तुला."