करंजाचा वास

आमच्या घरासमोरचे गिरणीवाले चाचा गिऱ्हाइकाकडे नंतर बघायचे, आधी आपल्या इंजिनाच्या धुराकडे. आपण डबा टेकवून उभे असलो तरी ते बाहेर जाऊन, मान वर करून येणार, मगच धान्य तोलणार. "माणूस लपते, धूर नाई लपत," असं त्यांचं म्हणणं.

ते भारनियमनाचे दिवस. अकोटात वीज पाहुण्यासारखी यायची, म्हणून चाचांनी पिठाची गिरणी डिझेल इंजिनावर घेतली होती. कापसाचं रडगाणं निदान पेपरात छापून यायचं. गिरणीमागच्या पत्र्याच्या खोलीत दम्याने धापा टाकणाऱ्या चाचीची कोणाला पडली होती? काळा धूर थेट तिच्या खिडकीत शिरायचा. दुसरं घर घ्यायची ऐपत नव्हती, आणि गिरणी बंद म्हणजे चूल बंद.

अकोल्याच्या कुठल्याशा मेळाव्यात चाचांनी ऐकलं, की करंजाच्या तेलापासून बायोडिझेल करतात आणि चार भाग डिझेलमध्ये एक भाग ते मिसळलं की धूर कमी होतो. बाकीचे चहा पिऊन घरी गेले. चाचा दोन कॅन घेऊन, कंडक्टरची बोलणी खात एसटीने परतले. धूर खरंच पातळ झाला. चाची खिडकी उघडून बसू लागली. "तुमची चाची काल रातभर झोपली," हे त्यांनी मला ईदचा चांद दिसल्यासारखं सांगितलं.

पण मिसळामिसळीत त्यांच्या हातांना, कपड्यांना करंजाचा उग्र वास बसला. आणि आमच्याकडे करंजाचं तेल माणूस लावतो कशाला? खरजेला. झालं! चाचांना खरूज झाली, त्यांच्या हातचं पीठ नको, असा गावभर बोभाटा. त्यांनी बाह्या सारून हात दाखवले, कॅन दाखवला, बायोडिझेल समजावलं. बाया मान डोलवायच्या आणि डबा उचलून पुढच्या गिरणीत जायच्या. मोठं शहाणं गाव आमचं.

"खरूज असती तं बरी झाली असती," चाचा मला म्हणाले. "लोकायच्या वहमले कोनतं तेल लावू?"

शेवटी पोटासाठी त्यांनी निव्वळ डिझेल ओतलं. वास गेला, गिऱ्हाईक आलं, धूरही आला. चाचीने खिडकी लावून घेतली, पण पत्र्याला फटी काय कमी असतात? त्याच हिवाळ्यात ती गेली. मयतीला अख्खी गल्ली हळहळत उभी होती. त्या हळहळीचा मला आलेला राग अजून उतरलेला नाही.

आठवड्याभरात गिरणी सुरू झाली. एका बाईने चिमूटभर पीठ हुंगून, आता कसा बिलकूल वास येत नाही, असं समाधानाने सांगितलं. चाचांनी तिचा डबा भरून दिला.

"हो माय," ते म्हणाले, "आता मांगं खोकलनारंबी कोनी नाई."