ऑर्डर नसलेले बारा दिवस

ही वही कुणाच्या हाती पडली तर माफ करा. माझं अक्षर वाकडं आहे आणि लिहिण्यात चुका होतात. चौथीपर्यंतच शाळा झाली. समोरच्याशी बोलायची लाज वाटते, म्हणून इथं लिहिते.

साक्रीकडच्या आमच्या गावात सरकारी उपकेंद्र आहे. मी तिथं झाडते, पाणी भरते, बाळंतिणीला धरते. सिस्टर चाळीसगावची. कंत्राटावर होती. दरवर्षी तिचं कंत्राट संपायचं आणि नवी ऑर्डर यायची. एका वर्षी ऑर्डर बारा दिवस उशिरा आली. ऑर्डर नसताना सही करायची नाही, असं तिला वरून सांगितलं होतं. तरी ती रोज येत होती. हजेरी मात्र कोरी.

त्याच दिवसांत एका सुनेच्या कळा सुरू झाल्या. सिस्टर दारातच थांबली. म्हणाली, "मी आज कामावर नाही हो. गाडी बोलावू."

सुनेची सासू ओरडली, "तुनी ऑर्डर येई तवलोंग पोरगं थांबी का?"

सिस्टरनं हात धुतले. मुलगी झाली. रजिस्टरमध्ये लिहायला सिस्टर तयार नव्हती, म्हणून मीच तारीख घालून लिहिलं: 'मुलगी झाली. सिस्टरने केली. ऑर्डर नाही तरी आली.' खाली माझी सही.

पुढं आरोग्य केंद्राचा बाबू आला. सिस्टरसमोरच तो माझ्यावर खेकसला, "सरकारी रजिस्टर आहे का पोरांची पाटी? फाड ते पान." मी मान हलवली. पण बाळाच्या जन्माचं पान फाडवेना. पान तसंच ठेवून रजिस्टर कपाटात तळाशी सरकवलं. कुणाला बोलले नाही.

मग सगळ्या कंत्राटी सिस्टर कायम करा म्हणून धुळ्याला संपावर बसल्या. पगार बंद झाला. आमच्या सिस्टरचं खोलीभाडं थकलं, चाळीसगावला मुलीची फी राहिली. मी शेळी विकून आलेले सहा हजार तिला दिले. ती घेईना. मी म्हटलं, "संप अर्ध्यात सोडून येशील तर मग मला तोंड दाखवू नको." एवढं मोठं मी कधी बोलले नव्हते.

संप मिटला. सलग दहा वर्षं भरली असतील त्यांना कायम करणार, असं कळलं. सिस्टर उपकेंद्राच्या पायरीवर बसून म्हणाली, "अक्का, त्या बारा दिवसांनी माझी दहा वर्षं बुडवली."

मी आत गेले आणि रजिस्टर काढून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते पान उघडलं. "फाडलं नाहीत?"

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांची परवानगी काढून, रजिस्टर घेऊन आम्ही धुळ्याच्या मोठ्या ऑफिसात गेलो. टेबलामागचे साहेब चष्मा वर करून म्हणाले, "हे कुणी खरडलंय? एक अक्षर लागत नाही."

मी पुढं झाले. म्हटलं, "मी लिहिलंय, साहेब. वाचून दाखवते."

अशाच कामाला आलेल्या सिस्टरांनी हॉल भरलेला. मी पदर घट्ट धरला आणि बोट ठेवून तारखेपासून सहीपर्यंत सगळं वाचलं. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला लिहायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. बाळ झालं की लिहायचं, एवढं माहीत होतं."

मागून एक सिस्टर म्हणाली, "साहेब, आमच्याकडं पण अशी अक्का द्या." सगळे हसले. साहेबांनी मुलीचा जन्मदाखला मागवला. तारीख जुळली; कोऱ्या हजेरीच्या दिवसांतही सिस्टर कामावर होती, हे दिसलं. त्यांनी पानाची झेरॉक्स फाईलला लावली.

तरी पाच महिने गेले. दोनदा फाईल परत आली, दोनदा आम्ही साक्रीहून एसटी धरली. तिसऱ्यांदा जायची वेळ आली नाही. कायमची ऑर्डर आली.

सिस्टर मधूनमधून पाचशे, हजार देत होती. कायम झाल्यावरच्या पहिल्या पगाराला उरलेले अडीच हजार घेऊन ती घरी आली. "मोजा," म्हणाली. मी नको म्हटलं, तर तिनं माझी ही वही पुढं सरकवली. "अक्का, तुम्ही लिहिलेलं कामाला येतं. लिहा."

मी मोजले. मग लिहिलं: 'सहा हजार पूर्ण मिळाले.' खाली सही केली.