बुस्तामामची परतपाठवणी

रोस्मानीला जाऊन शंभर दिवस झाले. प्रार्थना आटोपली, पानं उठली आणि बुस्तामामची धाकटी बहीण नुर्लिस त्याला न्यायला आली. मिनांग लोकांच्या त्या डोंगरगावात घर बाईचं, रानही बाईचं. बायको गेली की नवऱ्याला त्याच्या आईकडच्यांनी घेऊन जायचं.

एक्केचाळीस वर्षांचा संसार एका पिशवीत मावला.

"बाबा, थांबा ना. कोण काय म्हणणारे?" त्याची मुलगी युस्निदा म्हणाली.

"तुझा मामा आहे की!"

रोस्मानीचा तो भाऊ पायरीवरच बसला होता. गडबडून उठला. "तसं नाही हो, दाजी. चहा तरी घेऊन जा. आणि येत जा अधूनमधून!"

या घराचं छप्पर बुस्तामामने स्वतः दोनदा शाकारलं होतं. मागच्या उतारावरची दालचिनीची चारशे झाडं त्याच्याच हातची. चहा त्याने उभ्याउभ्याच प्यायला.

नुर्लिसकडे त्याचा मान मोठा. "मामा आले!" म्हणत भाच्या धावल्या, माशाचा मधला तुकडा त्याच्याच ताटात पडला. धाकट्या भाचीचं लग्न कुठे जमवायचं, तेही त्यालाच विचारलं. पण खोल्या सगळ्या भाच्यांच्या. त्याची चटई ओसरीवर पडली. थोरल्या भाचीचा नवा नवरा खोलीत जाताना त्याच्या पायांशी अडखळे आणि दरवेळी माफी मागे. तिसऱ्या दिवशी बुस्तामामने चटई गुंडाळली आणि गावच्या प्रार्थनाघराची वाट धरली. नुर्लिसने एकदाच "दादा" अशी हाक मारली. पुन्हा नाही.

तिथे आधीच एक म्हातारा राहायला होता, तामरिन. कानांनी अधू.

"कितवी गेली?" त्याने ओरडून विचारलं.

"एकच होती!"

"मग जड जाईल तुला," म्हणत तामरिनने आपली चटई थोडी सरकवली.

पावसाळा लागला तशी युस्निदा आली. "बाबा, झाडं सोलायची आहेत. कुठली आधी घ्यायची ते मामाला कळेना."

बुस्तामाम गेला. दिवसभर एकेका खोडावर हात फिरवून सांगत राहिला, ही सोला, ही अजून दोन वर्षं ठेवा. जेवण झालं आणि तो उठला.

"आजचा दिवस राहा की."

"तुझ्या नवऱ्याला माझ्यासमोर पाय पसरता येत नाहीत, बाई."

ती हसायला गेली आणि रडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जोडे घातले.

असा तो सात वर्षं सोलणीला जाऊन येत राहिला. मग एका शुक्रवारी दुपारच्या नमाजाआधी चटईवरच गेला. तामरिनला वाटलं, झोपलाय.

त्याला त्याच्या आईच्या कुळाच्या जागेत पुरलं. रोस्मानी तिच्या आईच्या कुळाच्या जागेत, ओढ्यापलीकडे. रमजानच्या आदल्या दिवशी युस्निदा दोन्हीकडे जाते. आधी आईकडे, मग ओढा ओलांडून बाबांकडे. दुसऱ्या कबरीपाशी पोचेपर्यंत तिच्याकडची फुलं बहुतेक कोमेजलेली असतात.