कडीची बंदूक

दानियल गावितांच्या बंदुकीचा नेम आजवर कधी चुकलेला नाही. नवापूर तालुक्यात, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरपट्ट्यात, हे सगळ्यांना मान्य आहे. बांधाला बांध असलेल्या दलपतलाही. दलपत फक्त एवढंच जोडतो, की न झाडलेली गोळी चुकणार कशी?

बंदूक अमेरिकन बनावटीची आहे. म्हणजे तसं सांगतात. नळीवरची अक्षरं आजापासून नातवापर्यंतच्या हातांनी पुसून टाकली आहेत. चापाभोवती लोखंडाची मोठी कडी आहे. ती खाली ढकलली की रिकामं काडतूस बाहेर उडतं, वर ओढली की नवं आत बसतं. जंगलाचा ठेका घेतलेल्या एका साहेबाने जाताना ती आपल्याला बक्षीस दिली, असं दानियलचे आजोबा सांगत. साहेब ती विसरून गेला आणि त्याला हाक मारायचं कुणाला सुचलं नाही, असं आजी सांगे. परवान्यावर ‘वारसाहक्काने प्राप्त’ एवढंच आहे. त्यात दोघांचंही भागतं.

अशा बंदुकीची जात तिचे भाग किती घट्ट बसलेत यावरून ओळखतात. भाग घट्ट, तर नेम पक्का. दानियलच्या बंदुकीत घट्ट असं काही नव्हतं. अक्रोडाचा मूळ दस्ता फुटल्यावर वडिलांनी सागाचा बसवला. साग उत्तम होता, पण नळीशी त्याचं कधी जमलं नाही. नळीच्या टोकावरची माशी, जिच्यावरून नेम धरतात ती, बैलगाडीतून पडून डावीकडे वाकली होती. आणि कडीचा स्क्रू इतका सैल, की कडी ओढली की आतलं सगळं लोखंड एकमेकांवर आदळे. खट्-टाक!

हाच तिचा गुण. काडतुसं वडिलांच्या हयातीतच संपली आणि त्या मापाची आता कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. पण ही बातमी रानडुकरांपर्यंत पोचली नव्हती. दिवस कलला, डुकरं भातात उतरली, की दानियल बांधावर उभा राहून कडी ओढी. खट्-टाक. डुकरं डोंगराकडे. या आवाजानंतर काय होतं ते जुन्या डुकरांनी पाहिलं होतं आणि पोरांना नीट शिकवलं होतं. दलपतकडे ठासणीची बंदूक होती. तिच्यात दारू भरा, ठासा, छर्रे घाला, तोवर डुकरं जेवून, पाणी पिऊन निघून जात. त्यामुळे त्याचंही शेत दानियलच्या कडीवरच राखलं जाई. हे तो कबूल करत नसे, एवढंच.

ऐन भात पिकायला आणि निवडणूक लागायला गाठ पडली. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. लोकशाहीला दानियलकडून धोका नको म्हणून बंदूक गेली. तो आणि त्याची बायको रूथ डबे बडवत फिरले. वरचं वावर डुकरांनी निम्मं लोळवलं. खालचं उरलं, त्यातच वर्षभराचा खायचा भात होता.

निकाल लागल्यावर दानियल लगबगीने बंदूक आणायला गेला. हत्यारांची खोली धुडकू हवालदाराकडे होती. माणूस धुळ्याकडचा, हौशी, आणि ज्याला रिकामं बसवत नाही अशा जातीचा.

“कितली ढिली व्हती रे तुन्ही बंदूक, दानियलभाऊ!” हवालदार म्हणाला. “मी तेल दिन्हं, इस्क्रू कसी दिन्हा, माशी बी सरळ करी दिन्ही. आते देख!”

त्याने कडी ओढली. सायीवरून बोट फिरावं तशी ती गेली आणि परत आली. आवाज नाही.

दानियलने स्वतः ओढून पाहिली. तरी नाही. पण ठाण्यात कुणी न मागता आपलं काम केल्याची ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची? “उपकार झाले, साहेब,” म्हणून तो निघाला.

संध्याकाळी डुकरं आली. दानियलने कडी ओढली. एका डुकराने मान वर केली, याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लोंब्यांत घातली. सरळ झालेल्या माशीवरून त्याचा कान स्वच्छ दिसत होता. बंदूक साहेबाच्या काळातसुद्धा इतकी अचूक नसेल. रूथने घमेलं बडवलं तेव्हा डुकरं उठली आणि शांतपणे दलपतच्या वावरात गेली.

सकाळी दलपत हजर. “काय रे दानियल, तुझी डुकरं माझ्याकडे कशी?”

“बंदूक दुरुस्त झालीय.”

“मग नादुरुस्त कर! माझ्या भाताने काय पाप केलंय?”

नादुरुस्त करणं सोपं नव्हतं. रूथने पदर खोचला, राखेचं गरम पाणी केलं आणि तेलकट भांडं घासावं तशी बंदूक घासली. दानियलने सुरीच्या टोकाने स्क्रू सैल केला. दलपतला लांब ओढ्याकाठी उभं केलं. कान डुकरांच्या जागी हवा ना.

दानियलने कडी ओढली.

“छे! ही सासूबाईंच्या दाराची कडी वाटते!” दलपत ओरडला.

स्क्रू आणखी फिरवला.

“आता सुपारी फोडल्यासारखं! मी डुक्कर असतो तर हललो नसतो!”

“माणूस असूनही कुठे हलतोस?” रूथ म्हणाली. “काल घमेलं वाजलं तेव्हा खाटेवरच होतास.”

पुढच्या वेळी स्क्रू निखळून राखेत पडला आणि कडी मेल्या कोंबडीच्या मानेसारखी लोंबायला लागली. तिघांनी राख चाळली. तो सापडला, दलपत पुन्हा ओढ्याकाठी गेला. दानियलने स्क्रू बसवला, आवळला, जरा उलटा फिरवला, थोडा अजून. मग कडी ओढली.

खट्-टाक!

ओढ्याकाठी पाहिलं तर दलपत खाली बसला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पायात काटा गेला होता. त्या संध्याकाळी डुकरं बांधापर्यंत आली, आवाज ऐकला आणि पोरांना पुढे घालून डोंगर चढली. चार दिवसांत भात कापून खळ्यावर आला.

पुढची निवडणूक लागली तेव्हा वावरात हरभरा उभा होता. दानियल बंदूक घेऊन ठाण्यात गेला. धुडकू हवालदाराने ओळखीचं हसून आधी तेलाची बाटलीच पुढे ओढली.

“साहेब, एक विनंती. हिला तेल चालत नाही.”

“का रे भो?”

“नवस आहे.”

हवालदाराने त्याच्या गळ्यातल्या क्रूसाकडे पाहिलं. “तुम्हनामा नवस बी ऱ्हास का?”

“आमच्यात नाही, साहेब. पण बंदूक आजाच्या बाप्तिस्म्याच्या आधीची आहे.”

हवालदार विचारात पडला. मग त्याने बाटली उचलून लांब खिडकीत ठेवली आणि बंदूक दोन्ही हातांनी घेतली.

“आनि इस्क्रू?” त्याने हळू आवाजात विचारलं.

“त्याचाही,” दानियल म्हणाला.