काकूंच्या विटा

सुरुवातीलाच माफी मागतो. अनुभव सांगावा एवढं माझं वय नाही आणि तेवढं कामही माझ्या हातून झालेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. तांड्यावरच्या आमच्या घरात सहीपलीकडे आजवर कोणी फारसं लिहिलेलं नाही. त्यामुळे हे लिहिताना सारखं वाटतं, की कोणीतरी येऊन विचारेल, तुला कोणी सांगितलं होतं? पण चूक माझी होती. ती दुसऱ्याने सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

मे महिन्यातल्या एका सकाळी मी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखालच्या गावात, एका जुन्या घराच्या मधल्या खोलीत गुडघ्यांवर बसून जमिनीला प्लास्टिक चिकटवत होतो. दोन फूट लांब, दोन फूट रुंद तुकडा. चारी बाजूंनी टेप.

"हे काय करून राहिलास?" घरमालकीण काकूंनी विचारलं.

"ओल तपासतो, काकू. उद्या प्लास्टिकच्या खाली पाण्याचे थेंब दिसले, तर जमीन ओली. नाही दिसले, तर कोरडी."

"असं असतं होय?" त्या म्हणाल्या आणि कौतुकाने बघत राहिल्या. खरं सांगतो, मला ते कौतुक आवडलं.

मी सिव्हिलच्या डिप्लोमाला आहे. सुट्टीत मामांच्या हाताखाली टाइल बसवतो. मामा वीस-बावीस वर्षांपासूनचे फरशीमिस्त्री. त्या वेळी ते आखाडा बाळापूरच्या साइटवर अडकले होते, म्हणून हे घर पहिल्यांदाच एकट्या माझ्यावर सोपवलं होतं. निघताना एवढंच म्हणाले, "जुनं घर हाय. आधी ओल बघ. आन् घरच्या माणसाला इचार, ओल कवा येती, कुठून येती. घाई करू नको."

घाई मात्र होती, आणि त्याला कारण होतं. काका तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी वॉकर दिला आणि बजावलं, की सुरुवातीच्या महिन्यांत जेवढं चालतील तेवढंच पुढे चालतील. पण त्या खोलीतला जुना सिमेंटचा कोबा पोपडे निघून खडबडीत झाला होता. वॉकरचा पाय दर दोन पावलांना अडायचा. काका थांबायचे, घाम पुसायचे आणि परत खाटेवर बसायचे.

"इंजिनिअरसाहेब," काका मला म्हणायचे. जीभ जड झाली होती, पण थट्टा शाबूत होती. "रस्ता कधी मंजूर करता आमचा?"

दुसऱ्या दिवशी प्लास्टिक उचललं. खाली थेंब नाही. मनाच्या समाधानासाठी आणखी एक दिवस दुसऱ्या कोपऱ्यात लावलं. तेही कोरडं. कोब्यावर पूर्वीच्या ओलीचे डाग होते, पण छताची गळती गेल्याच वर्षी बंद केली होती. म्हणजे ती ओल पावसाची होती आणि आता मिटली, असं मी ठरवून टाकलं. मामांना फोटो पाठवला. त्यांनी फोन केला.

"घरच्याला इचारलं का?"

"प्लास्टिक दोन दिवस कोरडं आहे, मामा."

"म्या काय इचारून राहिलो?"

"विचारतो," मी म्हणालो. आणि विचारलं नाही.

खोली रिकामी करताना कोपऱ्यात आठ विटा रचलेल्या दिसल्या. एका अंगाला मिठासारखा पांढरा खार फुटलेला. मी त्या उचलून बाहेर नेऊ लागलो, तशा काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "टाकू नकोस रे. पाणी सुटलं की लागतात मला."

"बरं," म्हणून मी विटा कडुलिंबाखाली ठेवल्या. कसलं पाणी, कुठून सुटतं, एवढं विचारायला किती वेळ लागला असता?

चार दिवसांत टाइल बसल्या. मॅट फिनिशच्या, पाय न घसरणाऱ्या. पोपडे काढून, कोबा घासून त्यावर केमिकल लावलं, म्हणजे टाइल चिकटवायचं तयार मिश्रण. लेव्हल पट्टीचा बुडबुडा कुठेही ठेवला तरी मधोमध राहत होता. पाचव्या दिवशी काका वॉकर घेऊन उभे राहिले. खाटेपासून खिडकीपर्यंत गेले. न थांबता. काकू पदर तोंडाला लावून भिंतीला टेकल्या.

तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला.

"बाळा, फरशी वाजून राहिली. आणि हे पडले रे."

मी पहिल्या गाडीने गेलो. काका खाटेवर होते. हाड मोडलं नव्हतं, पण कोपर खरचटलं होतं. वॉकर भिंतीला लावून ठेवलेला. मी थापीच्या मुठीने टाइल ठोकत गेलो. नीट चिकटलेली टाइल ठक्क वाजते. खाली पोकळ असली, की रिकाम्या डब्यासारखी वाजते. निम्मी खोली डब्यासारखी वाजली. खिडकीजवळची एक टाइल कडेने बोटभर उचलली होती. तिथेच वॉकरचा पाय अडकला होता. सांध्यांतून पाणी पाझरत होतं.

"अर्धी बाजू गेली ना?" काका म्हणाले. "माझ्यासारखी."

मला हसता आलं नाही. मी मान खाली घातली, तेव्हा गव्हाच्या कोठीखाली त्या विटा दिसल्या. आठही. कोठी त्यांच्यावर उचलून ठेवली होती.

"काकू, या विटा?"

"अरे, कालव्याला पाणी सुटलंय ना. दर पाळीला ओल येते जमिनीला, म्हणून कोठी उचलून ठेवते. सवयीने ठेवली. म्हटलं, तू तपासलंयस, आता येणार नाही ओल. पण हात काही ऐकेना."

कालव्याला बाराही महिने पाणी नसतं. ते पाळीपाळीने सोडतात. पाळी चालू असली, की खालच्या गावांच्या काळ्या मातीत पाणी मुरतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं जमिनीतून वर चढतं. पूर्वी ते कोब्यातून येऊन हवेत सुकून जायचं. मी वरून टाइलचं झाकण घातलं. पाणी खालीच कोंडलं, माती फुगली, खाराने केमिकलची पकड सोडवली. माझं प्लास्टिक खोटं बोललं नव्हतं. मी ते दोन पाळ्यांच्या मधल्या कोरड्या दिवसांत लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा आले. काकूंसमोर मला एक शब्द बोलले नाहीत. अंगणात नेलं आणि म्हणाले, "प्लास्टिकला इचारलंस. काकूला न्हाई."

बस, एवढंच. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मग ते आत जाऊन काकांच्या खाटेशी उकिडवे बसले. "साहेब, पोराची चूक म्हंजे माझी चूक. खोली पुन्हा करून देतो. पण कालव्याची पुढची पाळी बघितल्याबिगर टाइल लावणार न्हाई. तवर तुमी चालणं सोडायचं न्हाई."

"आता नको," काका म्हणाले. "भीती वाटते."

खोलीच्या कामाला लागण्याआधी मामांनी ओसरी हाती घेतली. ओसरी जमिनीपासून उंच, तिथे ओल पोहोचत नव्हती. तिथल्या वरखाली झालेल्या शहाबादी फरश्या काढून आम्ही एका सुतात बसवल्या. भिंतीच्या कडेने कमरेएवढ्या उंचीवर लोखंडी पाइप ठोकला. "फरशी थांबती," मामा मला म्हणाले, "माणूस थांबत न्हाई." चौथ्या दिवशी काकांनी डावा हात पाइपवर ठेवला. मी बाजूने चालत होतो. दोन पावलं झाल्यावर ते म्हणाले, "साहेब, तुम्हीच जास्त घाबरलात."

मधली खोली पावसाआधी उकरली. दीड फूट काळी माती काढली. मुरूम भरून धुम्मसने, म्हणजे जड लोखंडी ठोकणीने, चोपला. त्यावर जाड खडीचा थर, कारण खडीतल्या मोकळ्या जागेतून ओल वर चढत नाही. मग जाड प्लास्टिकचा कागद, जोडांवर हातभर एकावर एक, भिंतींना वळवून वर घेतलेला. त्यावर काँक्रीट. घराच्या मागे चर खणून ओढ्यापर्यंत नेला. टाइल नाहीत. साधं, सपाट काँक्रीट तसंच ठेवलं आणि वाट बघितली.

दिवाळीनंतर कालव्याला पाणी सुटलं, तेव्हा मी कॉलेजात होतो, परीक्षा तोंडावर. या वेळी प्लास्टिक कधी लावायचं, ते काकूंनी ठरवलं. "अजून दोन दिवस थांबा, माझ्या जमिनीला मी ओळखते," असं त्यांनी मामांना फोनवर सांगितल्याचं कळलं. पुढचं काही कळलं नाही. मामा फोनवर फार बोलत नाहीत, आणि काकूंना फोन करायची माझी हिंमत होत नव्हती.

या गोष्टीतून मला एवढंच समजलं, की घराची ओल आधी घरात राहणाऱ्याला कळते. तपासणी करावीच. पण ती कधी करायची, हे त्यांना विचारावं. हे आमच्या पुस्तकात नव्हतं. निदान मी वाचलेल्या पानांवर नव्हतं.

शेवटचा पेपर देऊन गावी आलो, तर मामा कळमनुरीच्या बाजारातून आले होते. त्यांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली. मी कधी विचारतो, याची ते वाट बघत होते.

"प्लास्टिक?"

"कोरडं. टाइल लावून महिना झाला. पाळी अजून चालू हाय. परवा जाऊन सगळी खोली ठोकून आलो. एकबी पोकळ वाजंना."

"आणि विटा?"

"काकूनं तुळशीच्या कट्ट्याला लावल्या."

मी कपबशी उचलून निघालो, तर मामांनी थांबवलं.

"परवा गेलो तवा दार कोणी उघडलं, ते इचार की."

दार काकांनी उघडलं होतं.